इंद्रधनुष्याचा फोटो छापलात, आता चंबूची गोष्टही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात पहिल्या पानावर डबल इंद्रधनुष्याचा मोठा फोटो आला होता. ती संध्याकाळ आम्हीपण बघितली, विक्रोळीच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून, साडेपाच-पावणेसहाची वेळ असेल, सर नुकतीच खाडीकडे सरकली होती, मागून पवईच्या टेकड्यांकडून तिरपं ऊन आलं आणि समोर कांदळवनाच्या वर या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खी कमान उभी राहिली, तिच्यावर थोडं अंतर सोडून दुसरी, जरा फिकट. पहिल्या मजल्यावरच्या आजी, ज्यांना गुडघ्यामुळे जिना चढवत नाही, त्यासुद्धा नातवाचा हात धरून वर आल्या. फोटो सुंदर होता, काढणाऱ्याचं मनापासून कौतुक. पण खाली ओळ एवढीच की मुंबईकरांनी सप्तरंगी नजारा अनुभवला, आणि दोन दिवसांनी आतल्या पानावर छोटी चौकट आली त्यात लिहिलेलं की इंद्रधनुष्याचा शोध न्यूटनने लावला, पावसाचा थेंब प्रिझमसारखं काम करतो, बस्स. ती चौकट वाचल्यापासून मला चैन नाही म्हणून हे पत्र लिहितोय. लांबलंय, पण जागा कमी पडली तर माझ्याबद्दलचं कापा, चंबूचं, म्हणजे पाण्याने भरलेल्या काचेच्या गोलाच्या प्रयोगाचं, तेवढं कापू नका.

माझ्याबद्दल एवढंच की मी मुंबईतल्या एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये ३१ वर्षं लॅब अटेंडंट होतो. स्पेक्ट्रोमीटर (उजेडाचे रंग पाडून त्यांचे कोन मोजायचं यंत्र) लेव्हल करून ठेवायचे, सोडियम लॅम्प आधीच लावून तापवून ठेवायचा, प्रिझम स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे, डार्करूमचे काळे पडदे सांभाळायचे, हे माझं काम. शिकवायचे सर लोक, पण ऐकून ऐकून आणि स्वतःच्या हाताने मांडून मांडून जे डोक्यात बसलं ते काही जात नाही.

तर आधी त्या चौकटीबद्दल. प्रिझममध्ये उजेड एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूने रंग होऊन पुढे निघून जातो. इंद्रधनुष्य बघताना मात्र सूर्य आपल्या पाठीमागे असतो आणि रंग समोर, म्हणजे थेंबाने तो उजेड मागे फिरवून आपल्याकडे पाठवला पाहिजे. नुसतं प्रिझमसारखं म्हटलं की ही मागे फिरण्याची गोष्टच गायब होते, मग कमानच का, ती ठरावीक मापाचीच का, वरच्या कमानीत रंग उलटे का (वरच्या कमानीत तांबडा आतल्या बाजूला असतो, तुमच्याच फोटोत नीट बघा), यातलं काहीच कळत नाही. आणि हे सगळं सुटायला माणसाला जवळपास दोन हजार वर्षं लागली, ती गोष्ट इतकी छान आहे की ती एका वाक्यात गुंडाळली याचं मला वाईट वाटलं.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या रात्री दोन पार्ट्या पडल्या होत्या. एकांचं म्हणणं न्यूटन, दुसऱ्यांनी फॉरवर्ड टाकला की हे सगळं वराहमिहिराने आधीच सांगून ठेवलंय, गोऱ्यांनी चोरलं. मला दोन्ही पटलं नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, इंद्रधनुष्यावर वेगळा अध्याय आहे हे खरं आहे, आणि त्यात म्हटलंय की सूर्याचे नाना रंगांचे किरण ढगाळ आकाशात वाऱ्याने विस्कटले जाऊन धनुष्याच्या आकारात दिसतात ते इंद्रधनुष्य. किती स्वच्छ वाक्य आहे बघा, रंग सूर्याच्या किरणांचे आहेत असं तो म्हणतोय. लगेच पुढे तो प्रामाणिकपणे हेही सांगतो की काही आचार्यांच्या मते ते अनंत नागाच्या कुळातल्या सापांच्या श्वासातून तयार होतं, आणि मग राजाने स्वारीवर निघताना ते समोर दिसलं तर अशुभ वगैरे शकुन येतात. त्यात थेंबाच्या आत काय होतं, किती अंशाचा कोन, हे नाही. त्याने जे म्हटलं तेवढ्याचा मान त्याला मिळालाच पाहिजे आणि तो मोठा आहे, जे म्हटलंच नाही ते त्याच्या नावावर चढवलं तर तो त्या माणसाचा मान होत नाही.

ग्रीकांकडे अ‍ॅरिस्टॉटल, इसवीसनपूर्व चौथं शतक. त्याचं म्हणणं ढगातले बारीक थेंब म्हणजे बारीक बारीक आरसे, इतके लहान की त्यात सूर्याचा आकार दिसत नाही, रंग तेवढा दिसतो. चुकीचं आहे, पण बघण्यात तो पक्का होता, चंद्राच्या उजेडातलं इंद्रधनुष्य पन्नासहून जास्त वर्षांत फक्त दोनदाच पाहण्यात आलं असं त्याने लिहून ठेवलंय. पुढे साधारण इसवीसन २०० च्या सुमारास अलेक्झांडर नावाच्या त्याच्याच एका भाष्यकाराच्या लक्षात आलं की दोन कमानींच्या मधला आकाशाचा पट्टा आजूबाजूपेक्षा काळसर दिसतो. त्या पट्ट्याला आजही अलेक्झांडरचा पट्टा म्हणतात. त्या संध्याकाळी मोबाइलवर काढलेले फोटो असतील ना, ते उघडून बघा, दोन कमानींमधला भाग काळपट आणि खालच्या कमानीच्या आतला भाग उजळ दिसेल. आमच्या गच्चीवर तीसेक माणसं होती आणि मी दाखवेपर्यंत एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. एकदा दाखवलं की मात्र प्रत्येक वेळी दिसतं.

रॉजर बेकन नावाच्या इंग्रज साधूने १२६० च्या दशकात कमान मोजली, तिचा माथा क्षितिजापासून ४२ अंशांपेक्षा वर जात नाही. हा ४२ आकडा लक्षात ठेवा, सगळी मेख त्यात आहे. पण तोपर्यंत सगळे बघत होते ते अख्ख्या ढगाकडे. ढग म्हणजे आरसा, ढग म्हणजे भिंग, असं चाललेलं. अल-हैथम, बसऱ्याचा, ज्याने प्रकाशशास्त्रावर एवढा मोठा ग्रंथ लिहिला, त्यानेसुद्धा ढगाला खोलगट आरसा धरला होता.

आणि मग इराणात कमालुद्दीन अल-फारिसी झाला, जन्म १२६७. त्याचे गुरू कुतुबुद्दीन शिराझी, त्यांनी त्याला अल-हैथमचा ग्रंथ वाचायला लावला. हा त्यावर भाष्य लिहायला बसला आणि लिहिता लिहिता त्या ग्रंथात जे चुकलं होतं ते त्याने दुरुस्त केलं. त्याने ढगाचा नाद सोडला आणि एकच थेंब घेतला. थेंब तर एवढासा, त्याच्या आत कोण कसं बघणार, म्हणून त्याने काचेचा मोठा गोल पाण्याने भरला आणि म्हटलं हाच माझा थेंब. गोल लहान असो की मोठा, कोन तेच राहतात, ही ती अक्कल. अंधाऱ्या खोलीत भोकातून सूर्याचा उजेड घेतला, गोलावर पाडला, आणि किरण कुठून शिरतो कुठून निघतो ते शोधत बसला. उजेड आत शिरताना वाकतो, मागच्या भिंतीवर आपटून फिरतो, बाहेर पडताना पुन्हा वाकतो, ही खालची कमान. आत एकदाऐवजी दोनदा आपटला तर वरची कमान, आणि म्हणून तिचे रंग उलटे आणि उजेड कमी, कारण प्रत्येक वेळी आपटताना बराचसा उजेड भिंतीतून बाहेर निसटतो.

इथे एक गोष्ट मध्येच सांगतो कारण गाइडमध्ये आणि क्लासच्या नोट्समध्ये ती मी कित्येकदा चुकीची बघितली आहे. थेंबाच्या आत पूर्ण आंतरिक परावर्तन होतं, म्हणजे सगळाच उजेड आतल्या आत मागे फिरतो, असं लिहितात. होत नाही. गोल थेंबात किरण ज्या कोनाने आत वाकून शिरतो त्याच कोनाने मागच्या भिंतीला जाऊन भिडतो, त्यामुळे पूर्ण परावर्तनाला लागतो तेवढा, पाण्याच्या बाबतीत साधारण साडेअठ्ठेचाळीस अंशाचा कोन तिथे कधी होऊच शकत नाही. बहुतेक उजेड मागून निघून जातो आणि थोडासाच फिरतो. तो थोडासा उजेड आपल्याला एवढा रंगीत दिसतो.

आता कमाल बघा. त्याच सुमारास, म्हणजे १३०० ते १३१० च्या आसपास, तिकडे जर्मनीत फ्रायबर्गचा थिओडोरिक नावाचा एक डॉमिनिकन साधू हेच करत होता. पाण्याने भरलेला काचेचा गोल, आत दोन वेळा वाकणं आणि मध्ये एकदा परावर्तन, दुसऱ्या कमानीला दोनदा. दोघांना एकमेकांचं नावही माहीत नाही, एक अरबीत लिहितोय एक लॅटिनमध्ये, पण दोघांच्याही पाठीशी तोच अल-हैथमचा ग्रंथ, एकाकडे मूळ आणि दुसऱ्याकडे भाषांतर. आणि दोघांचं काम नंतर धूळ खात पडलं. थिओडोरिकचं हस्तलिखित १८१४ मध्ये छापून पुढे आलं, पाचशे वर्षांनी. मधल्या काळात १६३७ मध्ये फ्रान्सच्या देकार्तने पुन्हा तोच चंबू पाण्याने भरला आणि तेच सगळं तिसऱ्यांदा शोधलं. मला हे जेव्हा पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती, एकच गोष्ट तीन माणसांनी तीन ठिकाणी तीनदा शोधावी लागली, नीट जपून पुढे दिली असती तर ती तीनशे वर्षं वाचली असती.

मला हे सांगितलं आमच्या कॉलेजातल्या एका सरांनी, आणि नुसतं सांगितलं नाही तर म्हणाले चला करून बघू. ऑक्टोबरचं ऊन, सकाळी साडेआठ. केमिस्ट्रीच्या अटेंडंटकडून एक लिटरचा गोल बुडाचा चंबू मागून आणला, मानेपर्यंत पाण्याने भरला, स्टँडला क्लॅम्पमध्ये बसवला. डार्करूमच्या पूर्वेच्या खिडकीला मोठा पांढरा पुठ्ठा लावला आणि पुठ्ठ्याला चंबूएवढं गोल भोक. ऊन भोकातून येऊन चंबूवर पडलं, आणि पुठ्ठ्याच्या आमच्याकडच्या पांढऱ्या बाजूवर, भोकाच्या भोवती, अख्खं गोल इंद्रधनुष्य उमटलं. बाहेरच्या कडेला तांबडा, आत जांभळा, आणि त्याच्या आतला भाग उजळ. चंबू आणि पुठ्ठ्यात फूट-दीड फूट अंतर ठेवलं होतं. सर काही बोलले नाहीत, मीपण नाही, कारण तेच दृश्य सातशे वर्षांपूर्वी एका माणसाने अंधाऱ्या खोलीत एकट्याने बघितलं असणार. मग जळका वास आला. चंबूच्या मागे काळा पडदा जवळ होता आणि पाण्याचा गोल म्हणजे भिंगच, मागे एका जागी ऊन गोळा झालं आणि पडद्याला भोक पडलं. घरी कोणी करणार असेल तर चंबूच्या मागे कापड-कागद ठेवू नका आणि पाणी भरलेली काच उन्हात तशीच सोडून जाऊ नका, हे मी फार कळकळीने सांगतो.

देकार्तने या दोघांच्या पुढे जाऊन जे केलं ते मला सर्वात जास्त आवडतं कारण ते माझ्या कामाच्या अगदी जवळचं आहे. त्याने चंबू वर-खाली करून बघितलं, सूर्याच्या बरोबर उलट्या दिशेपासून ४२ अंशाला लालभडक, जरा वर नेला की रंग नाहीसा, जरा खाली आणला की पिवळा, निळा. म्हणजे एका थेंबातून आपल्या डोळ्यात एका वेळी एकच रंग येतो, तांबडा देणारे थेंब वर आणि जांभळा देणारे खाली. पण ४२च का? त्याने थेंबाची त्रिज्या दहा हजार भाग धरली, वेगवेगळ्या उंचीवर शिरणारे किरण घेतले आणि एकेकाचा बाहेर पडायचा कोन हिशोब करून काढला. वक्रीभवनाचा नियम तोपर्यंत हाताशी आला होता (आमच्या वेळी वक्रीभवन म्हणायचे, आता पुस्तकात अपवर्तन आहे). थेंबाच्या मध्यावर शिरणारा किरण सरळ परत फिरतो, जसजसं कडेला जाऊ तसा कोन वाढत जातो, वाढत वाढत ४२ च्या जवळ येतो, तिथे थबकतो, आणि आणखी कडेला गेलं की पुन्हा कमी व्हायला लागतो. जिथे थबकतो तिथे खूप किरणांची गर्दी एकाच दिशेने बाहेर पडते, तिथेच आपल्याला लख्ख कमान दिसते.

ज्यांनी बीएस्सीला स्पेक्ट्रोमीटर केलाय त्यांना हे आठवेल. प्रिझमचं टेबल हळूहळू फिरवत जायचं, दुर्बिणीत ती पिवळी रेषा सरकत सरकत येते, एका जागी थांबते आणि मग टेबल त्याच बाजूला फिरवत राहिलं तरी रेषा उलटी जायला लागते. ती थांबायची जागा पकडा म्हणून सर ओरडायचे, मिनिमम डेव्हिएशन, म्हणजे किरण सर्वात कमी वळतो ती जागा. मी ती जागा हजारो पोरांना दाखवली असेल. आकाशातली कमान म्हणजे तीच थांबायची जागा, पावसाच्या प्रत्येक थेंबाने पकडलेली, हे मला कळलं तेव्हा माझ्या कामाकडे बघायची माझी नजरच बदलली. दुसऱ्या कमानीसाठी तसाच हिशोब केला की ५१ च्या आसपास येतं, तिथे उलट, त्याच्या खाली किरण जात नाहीत. म्हणजे ४२ ते ५१ च्या मध्ये एकदा आपटलेला किरणही येत नाही आणि दोनदा आपटलेलाही नाही, तोच अलेक्झांडरचा काळा पट्टा, चौदाशे वर्षांनी त्याचा हिशोब लागला.

रंग कुठून येतात हे मात्र देकार्तला जमलं नाही. तिथे न्यूटन येतो, आणि तिथे त्याचा मान पूर्ण त्याचा. तोवर मोठमोठे लोक समजत होते की पांढऱ्या उजेडात अंधार मिसळला की रंग होतो, काचेने उजेड मळतो. न्यूटनने १६६६ च्या सुमारास प्रिझमने रंग पाडले आणि मग त्यातला एकच रंग दुसऱ्या प्रिझममधून पाठवला. तांबडा तांबडाच राहिला. म्हणजे काच रंग तयार करत नाही, पांढऱ्यात ते आधीपासून आहेत, आणि प्रत्येक रंग थोडा वेगळा वाकतो. मग त्याने देकार्तचाच हिशोब प्रत्येक रंगासाठी वेगळा केला, तांबड्याला ४२ अंश, जांभळ्याला ४० अंश आणि थोडं वर, आणि सूर्याची स्वतःची अर्ध्या अंशाची रुंदी धरून कमानीची रुंदी सव्वादोन अंश आली. १७०४ च्या त्याच्या ‘ऑप्टिक्स’ ग्रंथात हे आहे. वराहमिहिराने नाना रंगांचे किरण म्हटलं होतं, न्यूटनने ते दाखवून दिलं. म्हणणं आणि दाखवून देणं दोन्हीची किंमत आहे, पण ती एकच नाही.

सात रंगांचंही बघा. आपण सगळे तानापिहिनिपाजा म्हणत मोठे झालो, मला ते अजून आवडतं. पण कुठल्याही पोराला विचारा पारवा म्हणजे कुठला, तो गप्प बसतो नाहीतर निळ्यावरच बोट ठेवतो. पारवा म्हणजे आपल्या खिडकीत येऊन बसतो तो पारवा, त्याच्या अंगावरची ती निळसर झाक. पोरांची चूक नाही. न्यूटनने आधी पाचच मुख्य रंग मोजले होते, नारिंगी आणि पारवा नंतर घातले, कारण त्याला रंगांची वाटणी संगीतातल्या सप्तकासारखी बसवायची होती, जसे आपले सा रे ग म प ध नी. अ‍ॅरिस्टॉटलने तीन मोजले होते. मी ३१ वर्षं दुर्बिणीतून पांढऱ्या दिव्याचा वर्णपट बघितला, त्यात कुठे रेघ मारलेली नसते की इथे हिरवा संपला. सात म्हणा, छान पाठ होतं, पण सात ही माणसाची मोजणी आहे हे शिकवताना सांगायला काय हरकत आहे.

आणि गोष्ट न्यूटनवर संपलीही नाही. कधी कधी खालच्या कमानीच्या आतल्या कडेला गुलाबी-हिरव्या बारीक रेघा दिसतात, त्या देकार्त-न्यूटनच्या हिशोबात बसतच नव्हत्या. थॉमस यंगने १८०३ मध्ये सांगितलं की उजेड लाटांसारखा आहे आणि थेंबातून दोन वाटांनी आलेल्या लाटा एकमेकांत मिसळतात म्हणून त्या रेघा, आणि १८३८ मध्ये एअरीने त्याचं पक्कं गणित मांडलं. आत तीनदा आपटणाऱ्या किरणांची तिसरी कमान सूर्याच्याच बाजूला, सूर्याभोवती पडते हे हॅलीने (हो, धूमकेतूवाला) १७०० मध्ये काढलं होतं, पण सूर्याच्या झगमगाटात ती कोणाच्या कॅमेऱ्यात सापडत नव्हती, तिचा पहिला फोटो जर्मनीत २०११ साली निघाला. तीनशे अकरा वर्षं! हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर धुक्यात आपल्याच सावलीच्या डोक्याभोवती गोल रंगीत कडं दिसतं ते इंद्रवज्र, ते वेगळं, त्याला थेंबात आत-बाहेर वाकण्याचा हा साधा हिशोब पुरत नाही, त्याचं गणित विसाव्या शतकात सुटलं. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८३५ मध्ये छापलेल्या लेखात कोकणकड्यावरच्या त्या वर्तुळाची नोंद आहे. आपल्या दारातल्या गोष्टी आहेत या.

त्या संध्याकाळी गच्चीवर तिसऱ्या मजल्यावरचा एक कॉलेजचा मुलगा गॉगल लावून उभा होता, म्हणाला काका मला कमानीचा वरचा भाग दिसतच नाहीये. मी म्हटलं गॉगल काढ आणि डोळ्यासमोर उभा फिरवून बघ. फिरवला तसा कमानीचा माथा उजळला, परत आडवा केला की विझला. पोलरॉइडचा गॉगल होता. इंद्रधनुष्याचा उजेड जवळजवळ पूर्ण ध्रुवीभूत असतो, म्हणजे त्याच्या लाटा एकाच दिशेत हलतात, बियो नावाच्या फ्रेंच माणसाने १८११ मध्ये हे पकडलं. तो मुलगा अर्धा तास गॉगल फिरवत होता आणि मग सगळ्यांनी त्याचा गॉगल मागून घेतला, आजींनीसुद्धा.

आता मुंबईकरांसाठी, कारण हे कुठल्या पेपरात येत नाही. जमिनीवर उभं राहून इंद्रधनुष्य दिसायला सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांच्या खाली हवा, नाहीतर अख्खी कमान क्षितिजाखाली जाते. मुंबईत डिसेंबरात सर्वात खालून जाणारा सूर्यसुद्धा भर दुपारी साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो, म्हणजे मुंबईच्या आकाशात ऐन मध्यान्ही इंद्रधनुष्य वर्षातल्या एकाही दिवशी दिसू शकत नाही. त्यामुळे दुपारी साडेबाराचा म्हणून जो फोटो ग्रुपवर फिरतो तो एकतर इथला नाही नाहीतर त्या वेळेचा नाही. सूर्याभोवती दुपारी गोल कडं दिसतं ते खळं, उंचावरच्या ढगातल्या बर्फाच्या कणांमुळे पडतं, जुनी माणसं त्याला बरोबर खळंच म्हणायची, आता त्याचेही फोटो गोल इंद्रधनुष्य म्हणून छापले जातात. जुलैमध्ये सकाळी सव्वानऊच्या आत आणि संध्याकाळी सव्वाचारनंतर, हीच काय ती वेळ. सकाळचं पश्चिमेला, समुद्रावर. संध्याकाळचं पूर्वेला. मरीन ड्राइव्हवर संध्याकाळी हजारो माणसं समुद्राकडे तोंड करून बसलेली असतात, समोर ऊन आणि मागे पाऊस असेल तर कमान त्यांच्या पाठीमागे बिल्डिंगांच्या वर असते आणि कोणी वळून बघत नाही, हे मी स्वतः दोनदा बघितलंय आणि दोन्ही वेळा शेजारच्यांना खांद्याला हात लावून वळवलंय. कुठे बघायचं ते असं ठरवा, आपल्या डोक्याची सावली जिथे पडते ती दिशा मधोमध धरायची आणि हात लांब करून तिथून दोन वीत मोजायच्या, साधारण ४२ अंश होतात. पाऊस तिथे असेल तर कमान तिथेच असणार, आणि शेजारी उभ्या माणसाची कमान त्याच्या स्वतःच्या सावलीभोवती, वेगळ्या थेंबांची.

माझी विनंती अशी की पुढच्या वेळी फोटो छापाल तेव्हा वेळ आणि दिशा छापा, आणि शोध न्यूटनने लावला असं लिहू नका, अल-फारिसी, थिओडोरिक, देकार्त आणि न्यूटन अशी चार नावं एका ओळीत मावतात. रविवारच्या मुलांच्या पानावर चंबूचा प्रयोग चित्रासकट द्या, जळण्याच्या धोक्याची सूचना ठळक अक्षरात, आणि मोठं माणूस सोबत असल्याशिवाय करू नये हेही.

मी रिटायर झालो तेव्हा केमिस्ट्रीच्या लोकांनी मला एक नवाकोरा एक लिटरचा चंबू भेट दिला, तो घरी शोकेसमध्ये आहे. विक्रोळी, कांजूर, भांडुप भागातल्या कुठल्याही शाळेने पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सकाळचं ऊन येणारी एक खोली दिली तर चंबू, स्टँड आणि भोक पाडलेला पुठ्ठा मी घेऊन येतो, पैसे नकोत. शाळेला खिडकी झाकायला काळं कापड लागेल आणि एक तांब्याभर पाणी.

आपला नियमित वाचक,
निवृत्त प्रयोगशाळा परिचर,
विक्रोळी (पूर्व), मुंबई